राखणोबाचा नववा रकाना

कॉलनीच्या या अंकात ज्यांचे लेख येतात ती माणसं तीस-तीस वर्षं प्रेसवर, लेथवर, भट्टीसमोर उभी राहिलेली आहेत. माझे पप्पा त्यांच्यातलेच. त्यांच्या ओळीत बसावं इतकं माझं काम मोठं नाही आणि जुनंही नाही. तीन वर्षं झाली, तीही कॉलेज सांभाळून. संपादक काकांना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते घरी आले आणि पप्पांसमोर म्हणाले, "दगडांची नोंद करणारा आपल्या कॉलनीत एकच आहे. लिही की." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग नाही म्हणता आलं नाही. तरी मोठ्यांनी सांभाळून घ्यावं, कारण हा लेख कामगिरीचा नाही, माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा आहे. मोशीतल्या एका दगडाबद्दल मी चार ओळी माझ्या मनाने लिहिल्या आणि त्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द आणि त्याच्या देवाची जागा, दोन्ही पणाला लागलं. त्यात माझं नेमकं काय चुकलं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

आधी काम काय ते सांगतो, कारण ते घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. इतिहास विषय घेतला तेव्हा मामा म्हणाले होते, "बरंय. पण त्याची कंपनी कुठली?" कंपनी अशी नव्हतीच. कॉलेजातून निवृत्त झालेले आमचे एक सर चिंचवडला दोन खोल्यांत एक छोटा प्रकल्प चालवतात. दिघीपासून चाकणच्या पलीकडपर्यंत जी गावं आता गावं राहिली नाहीत, तिथले जुने कोरीव दगड शोधायचे, मोजायचे, फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्याकडे लागलो.

हे दगड बहुतेक वीरगळ असतात. कुणी लढताना मेला की त्याच्या आठवणीला उभा केलेला दगड. त्यावर खालून वर चित्रं कोरलेली असतात. सगळ्यात खाली तो पडलेला असतो, पुष्कळदा गाईगुरं सोडवताना. त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, आणि अगदी वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव नसतं. कोण होता, कुणाशी लढला, ते कुणाला माहीत नसतं. एवढं सगळं कोरायला वेळ होता, मग नाव का नाही लिहिलं, हा प्रश्न मी सरांना पहिल्याच आठवड्यात विचारला. सर म्हणाले, "तेव्हा सगळ्यांना माहीत होतं ना."

लोक भेटतात ते तऱ्हेतऱ्हेचे. चाकणकडे एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक वीरगळीवर उशी टाकून बसायचा. मी सांगितल्यावर दचकून उठला, दोन्ही कानांना हात लावले आणि दुसऱ्या दिवशी तिथे हार घातला. मग बसायला जागा नाही म्हणून आठवडाभर माझ्यावरच चिडून होता. एका तरुणाने मला चंद्र-सूर्य दाखवून विचारलं, "भावा, ही तबकडी आहे ना? परग्रहावरची?" मी नाही म्हणालो तर म्हणाला, "तुम्हाला सांगायची परवानगी नसणार." एकाने बाजूला नेऊन कानात विचारलं की खाली धन किती खोल असतं.

आमच्या कामाचा एक कडक नियम आहे. दगडाला शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडायचा नाही. ज्याला आपण नोंद म्हणतो तो त्यांचा देव असतो. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून शेंदराची जाड खोळ तयार होते. ती आपोआप सुटली तरच आतला दगड दिसतो. मग लोक ती खोळ नदीत सोडतात आणि पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात करतात. तोपर्यंत आम्ही बाजूने तिरका उजेड पाडून काही उंचवटे दिसतात का ते पाहायचं आणि बाकी फॉर्ममध्ये लिहायचं.

फॉर्ममध्ये बारा रकाने आहेत. नववा रकाना असा: दगडाशी जोडलेली गोष्ट, सांगणाऱ्याच्या शब्दांत.

मोशीचा दगड तात्यांचा. तात्या म्हणजे तिथले जुने शेतकरी. त्यांचं वावर आता एका सोसायटीच्या सात मजली इमारतींखाली आहे. त्यांना तिथेच दोन फ्लॅट मिळाले, पण देव मात्र पूर्वीच्या बांधावरच राहिला, म्हणजे आता सोसायटीच्या भिंतीला लागून, फाटकाच्या कडेला. त्याचं नाव राखणोबा. कमरेइतका उंच, शेंदराने इतका फुगलेला की दगडाला काही आकारच उरला नव्हता. तात्या रोज सकाळी तिथे पाणी घालायला यायचे.

मी टेप लावून माप घेत होतो तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"कालेजात आता दगडं शिकवत्यात व्हय?"

"हो तात्या. म्हणजे इतिहास शिकवतात, त्यात हे येतं."

"मंग पास झाल्यावर काय, पाथरवट?"

त्यांची सून वैशालीवहिनी चहा घेऊन खाली आली होती, ती हसली. ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझा फॉर्म तिला लगेच कळला. "आमच्याकडे पण असंच चेकशीट असतं," ती म्हणाली. "एक कॉलम रिकामा ठेवला की माल परत."

मी तात्यांना विचारलं, "राखणोबाची काही गोष्ट आहे का?"

"न्हाई."

"म्हणजे तो कोण होता, इथे कसा आला?"

"काय न्हाई. देव हाय. शेंदूर लावतो आमी. लिव की तेवढंच." आणि ते कळशी घेऊन वर निघून गेले. मी वहिनीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकलेलं नाही बाई काही."

घरी येऊन फॉर्म पक्का करायला बसलो आणि नवव्या रकान्यापाशी थांबलो. आता जे सांगतो ते मूर्खपणाचं वाटेल. शाळेत आम्हाला एक बाई होत्या. वर्गातली बहुतेक मुलं आमच्यासारख्या घरांतली, घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही. बाई परीक्षेच्या आधी प्रत्येकाला सांगायच्या, "येत नसलं तरी काहीतरी लिहा. कोरं सोडू नका. कोऱ्या जागेला शून्यच मिळतं." त्या एका सवयीवर मी दहावी काढली, बारावी काढली. पेपरात कोरी जागा दिसली की माझा हात आपोआप चालतो. त्या दिवशीही चालला. मी लिहिलं: नदीकाठी गुरं राखणारा एक तरुण होता. चोर गुरं वळवू लागले तेव्हा तो एकटा आडवा आला. इथेच पडला. गाई त्याच्यापासून हलल्या नाहीत, म्हणून दगड इथेच उभा केला.

पहिल्या तीन ओळी तर कुठल्याही वीरगळीला लागू पडतील. चौथी कुठून आली ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.

वर्षभर काही झालं नाही. मग सोसायटीच्या वर्धापनदिनाला कमिटीने आपल्या आवारातल्या वारशाचा फलक लावायचं ठरवलं. अध्यक्ष सरांकडे आले, सरांनी विश्वासाने माझ्या फॉर्मवरून मजकूर दिला. मला कळलं तेव्हा काळ्या ग्रॅनाइटवर माझ्या चारही ओळी सोनेरी अक्षरांत कोरून झाल्या होत्या.

कार्यक्रमाला मला शाल दिली. तात्यांनी नारळ फोडला. त्यांचा चष्मा वर राहिला होता म्हणून वहिनीने फलक मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ ऐकताना तात्यांचा चेहरा बदलला. ते गर्दीतून सरळ माझ्याकडे आले, माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुला कुणी सांगितलं रं?"

मला वाटलं, पकडलं. "असंच, कळलं," मी म्हणालो.

"असंच न्हाई कळायचं हे. कोण बोललं?"

मी शाल सारखी करत राहिलो. त्यांनी मनगट सोडलं आणि जेवायला न थांबता वर गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी फाटकाचा प्रश्न आला. अग्निशमन दलाची मोठी गाडी आत वळत नव्हती, फाटक रुंद करणं भाग होतं आणि राखणोबा नेमका मध्ये येत होता. अध्यक्ष सरळ माणूस. त्यांनी सभेत सांगितलं, "देवाचा अपमान करायचा नाही राव. पलीकडच्या देवळात व्यवस्थित बसवू. पण हा दगड याच जागेचा आहे असं असेल, तर खर्च वाढला तरी फाटक दुसऱ्या बाजूला नेऊ. फलकावर तसं लिहिलंय. ते खरं का, एवढं अभ्यासक लोकांनी लेखी द्यावं." अभ्यासक म्हणून मी आणि सर मागच्या रांगेत बसलो होतो.

तात्या उभे राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "बोर्डावर आलंच हाय, तर आता सांगतो." आणि त्यांनी गोष्ट सांगितली. माझीच गोष्ट, पण माझी नव्हती. पोराचं लग्न ठरलं होतं. त्याच्या हातात फक्त काठी होती. चोर बाकीची गुरं घेऊन गेले, तीन गाई राहिल्या. "तीन. दोन म्होरं बघत्यात, अन् मधलीनं मान मागं वळवलीया. त्याच्याकडं. म्हणून त्या इथनं हलल्या न्हाईत. माझ्या आजीनं सांगितलेलं हाय. तो इथंच राहनार."

सभेत टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. सरांनीच आम्हाला शिकवलं होतं की वाचलेली गोष्ट माणूस हळूहळू ऐकलेली समजू लागतो, तिला तपशील फुटतात आणि ती आजीच्या तोंडी जाते. पहिल्या दिवशी याच माणसाने मला "न्हाई" म्हणून सांगितलं होतं. आणि आता माझ्या मनातल्या गाईंची ते मोजणी करत होते. पुराणातल्या कथा अशाच झाल्या असतील का, असाही विचार आला, आणि त्याची मला भीती वाटली.

घरी पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा देव मानत नाहीत. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, बाकी काही नाही. मला वाटलं ते म्हणतील, दगड इथे काय न् तिथे काय. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "आपल्या लोकांचं कित्येक वर्षं दुसऱ्यांनीच लिहिलं. आपल्याला न विचारता, त्यांच्या मनाने. ते वाचून आपल्याला काय वाटतं, माहीत आहे ना तुला?"

"हो पप्पा."

"मग तात्यांना सांगून ये आधी. त्यानंतर सरांना."

दुसऱ्या दिवशी मोशीला गेलो. तात्या गॅलरीत बसले होते. मी चप्पल काढून जमिनीवरच बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "तात्या, ती फलकावरची गोष्ट मी बनवलीय. रकाना कोरा राहू नये म्हणून. मला कुणीच सांगितली नव्हती."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "तू बनिवलीस?"

"हो."

"वय काय रं तुझं?"

"एकवीस."

"माझ्या आजीनं मला सांगितलेली गोष्ट तू बनिवलीस. एकविसाव्या वर्षी." त्यांनी वहिनीला हाक मारली. "वैशाली, ऐक गं, काय म्हणतंय हे."

वहिनी ओढणीला हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला माझं पटतंय. ती अगदी हळू म्हणाली, "तात्या, आपल्या घरात कधी निघाली नाही ना ही गोष्ट. फलक लागल्यावरच निघाली."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू गेलं होतं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चहा पी," ते म्हणाले, "अन् जा."

मी चहा प्यायलो. तो तसा पिऊन निघणं फार अवघड होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. कपाटातून फॉर्म काढला, नवव्या रकान्यातल्या चारही ओळींवर लाल पेनने एकेक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "गोष्ट नाही". सोसायटीला दिलेल्या पत्रात त्यांनी माझं नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं की फलकावरील मजकुराला खात्रीचा आधार मिळालेला नाही. जाताना म्हणाले, "धीर लागतो याला." मला धीर वगैरे काही वाटत नव्हतं. आपण खरं बोललो म्हणजे बरं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. फलक निघाला. दगड हलवायचं ठरलं. तो दिवस मला माहीत होता, पण माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. नसती तरी गेलो नसतो.

त्यानंतर मोशीच्या बाजूची कामं मी दुसऱ्या मुलाला दिली. भोसरीहून चाकणकडे जाताना मोशीचा थांबा आला की मोबाइलमध्ये बघत राहायचो. फॉर्म मात्र आता जपून भरतो. ज्याला गोष्ट नाही त्याचा रकाना कोरा ठेवतो. प्रत्येक वेळी आत कुठेतरी शून्य मार्क पडल्यासारखे वाटतात.

गेल्या महिन्यात वैशालीवहिनीचा फोन आला. नंबर हरवला होता, सरांच्या ऑफिसातून घेतला म्हणाली. कंपनीच्या बसमध्ये होती, मागे गडबड ऐकू येत होती.

"भाऊ, तुम्हाला कुणी कळवलं नाही ना?"

"काय?"

"दगड काढला त्या दिवशीचं. हायड्रा क्रेन आणली होती, पट्टे लावले अन् उचलताना शेंदराची खोळ अख्खी सुटली. आतून दगड निघाला तो एकदम सपाट. झिजलेला. काहीसुद्धा नाही त्यावर. सगळे म्हणाले, बघा, साधा दगड. तात्या कठड्याला धरून उभे होते, मला बघवेना. पण भाऊ, जेवढा वर होता ना, तेवढाच खाली जमिनीत होता. तो सगळा बाहेर आला, माती निघाली. अन् खालच्या बाजूला कोरलेलं होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीन गाई," ती म्हणाली. "काल कोरल्यासारख्या. मधलीची मान मागे."

तो भाग जमिनीत किती पिढ्या असेल कुणास ठाऊक. तो तात्यांनी पाहिलेला असणं शक्य नव्हतं, त्यांच्या आजीनेही नाही. माझ्या तर मनातही तीन नव्हत्या, मान नव्हती.

"पण मग पहिल्या दिवशी ते नाही का म्हणाले?"

"तेच तर. ते मला पण तेव्हा कळलं. आमच्या घरात ती गोष्ट फक्त वसुबारसेला सांगायची. संध्याकाळी, गाईसमोर, घरच्यांनाच. एरवी कुणी विचारलं तर नाही म्हणायचं. जमीन गेली, गाई विकल्या, मग सांगायचं बंदच झालं. मी त्यानंतर आले. तात्यांना वाटलेलं, त्यांच्या बहिणीने तुमच्याकडे गोष्ट फोडली. दोन महिने आत्यांशी बोलत नव्हते."

"आता दगड कुठे आहे?"

"देवळात. त्याच दिवशी बसवला. दुपारभर मोकळा होता आडवा, लोकांनी फोटो काढले. मग गवंडी म्हणाला, एवढा उंच दगड खाली गाडल्याशिवाय उभा राहायचा नाही. तेवढाच पुन्हा खाली घेतला, सिमेंटात. गाई गेल्या परत आत. अन् एकदा बसवलेला देव हलवत नाहीत म्हणतात, त्यामुळे आता तो तिथंच." मग म्हणाली, "मी फोटो पाठवते."

फोटो आला. ओल्या मातीवर आडवा दगड, हायड्राचा पट्टा, कुणाचा तरी बूट, आणि तीन गाई. मी तो इतक्या वेळा मोठा करून पाहिला की शेवटी नुसते ठिपके दिसायला लागले. फॉर्ममध्ये लाल रेघ तशीच आहे. ती मी मारायला लावली. सर म्हणतात पुरवणी जोडू, पण नवव्या रकान्यात सांगणाऱ्याचे शब्द म्हणून काय लिहायचं, ते आम्हा दोघांनाही ठरवता आलेलं नाही.

फोन ठेवण्याआधी वहिनी म्हणाली, "तात्यांनी निरोप दिलाय. वसुबारसेला या. डेअरीवाल्याकडे तासाभरासाठी गाय मागितलीय. गोष्ट अजून बरीच आहे म्हणे, बोर्डावर सगळी नव्हती."

"ते रागावलेत का माझ्यावर?"

"नाही हो. ते सगळ्यांना सांगतात, पोराचं खरं होतं, भिऊन माघारी फिरलं." बस कुठेतरी थांबली असावी, आवाज एकदम स्पष्ट आला. "फक्त येताना एक सांगा म्हणाले. तुम्हाला कुणी सांगितलं?"